पिवळा दिवा



मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांची क्षमा मागतो आणि जे करायला हवे होते पण केले नाही, त्याचीही क्षमा मागतो. आज या दुसऱ्या प्रकारातली माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे ठेवतो. संबंधित कुटुंबाला विचारूनच लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीत स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचे ते छोटे चित्र आपल्यापैकी गाडी चालवणाऱ्यांनी पाहिले असेल. त्याला चेक इंजिन लाइट म्हणतात. गाडी नेहमीसारखी धावत होती. आवाज नाही, धूर नाही. मी मनाशी म्हटले, एवढा आठवडा जाऊ दे, मग दाखवू. एका ओळखीच्या मुलाने बॅटरीची तार काढून पुन्हा लावली आणि दिवा गेला. मला हायसे वाटले. चार दिवसांनी तो परत लागला, पण तोवर माझी नजर त्याला सरावली होती. असे तीन आठवडे गेले.

एके संध्याकाळी मलकापूरकडून बुलढाण्याला परतत होतो. मोताळ्याजवळ फोन आला. आपल्या धर्मग्रामातील एक आजीबाई दवाखान्यात अत्यवस्थ होत्या आणि फादरांना बोलवा म्हणत होत्या. आजाऱ्यांसाठीचे पवित्र तेल माझ्याजवळच होते. मी वेग वाढवला. राजूर घाटाचा चढ लागला आणि तो दिवा लुकलुकू लागला. गाडी गचके देऊ लागली, चढावर जोर धरेना. शेवटी कडेला लावावी लागली. बऱ्याच वेळाने एका ट्रकवाल्या भावाने मला वर घेतले. दवाखान्यात पोचलो तेव्हा आजीबाईंनी डोळे मिटले होते.

त्यांची मुलगी मला एका शब्दानेही बोलली नाही. "फादर, या, प्रार्थना करू," एवढेच म्हणाली. देवाची कृपा माझ्या गाडीवर अवलंबून नाही, ही माझी श्रद्धा आहे आणि तेच मी त्या कुटुंबाला सांगितले. पण त्या आजीबाईंचा हात धरायला मी तिथे नव्हतो, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, कोड वाचला, तपासणी केली आणि म्हणाला, "फादर, दिवा लागला तवाच गाडी कावून नाही आनली? तवा एकच काम होतं, आता दोन झाले." एका सिलिंडरची इग्निशन कॉइल बिघडली होती, त्यामुळे त्यात ठिणगी नीट पडत नव्हती. न जळलेले पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे तापत होते. त्या उष्णतेने आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी खराब झाली. कॉइल स्वस्त असते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो महाग. लहान बिघाडाकडे दुर्लक्ष केले आणि त्याने दुसरा, मोठा बिघाड जन्माला घातला.

बंधुभगिनींनो, देवाने प्रत्येकाच्या अंतःकरणात असा एक दिवा ठेवला आहे. त्याला आपण सद्सद्विवेकबुद्धी म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या विषयावरील संविधानात ती मानवाच्या अंतरंगातील अशी जागा मानली आहे, जिथे तो देवासोबत एकटा असतो. या दिव्याविषयी त्या मेकॅनिककडून मी तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट. दिवा काय बिघडले ते सांगत नाही, बिघडले आहे एवढेच सांगतो. कधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिल्यानेही तो लागू शकतो, कधी इंजिनातच दोष असतो. म्हणून घाबरून जायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही. दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल, तर झाकण पाहावे, सावकाश चालवावे आणि एक-दोन दिवसांत दाखवावे. दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. मनाचेही तसेच आहे. काही भाविक प्रत्येक किरकोळ विचाराने व्याकूळ होतात, तर काहीजण घर मोडायला आले तरी गाडी पुढे रेटतात. दोघांनीही जाणत्या माणसाकडे जाऊन दाखवावे.

दुसरी गोष्ट. दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. बॅटरीची तार काढली की नोंद पुसली जाते, दोष तसाच राहतो. धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरतो आणि म्हणतो, "चूक त्याचीच आहे." मजुराचे पैसे थकवतो आणि म्हणतो, "सगळेच असे करतात." ही आपली तार काढणेच आहे. मोठ्या जगातही हेच घडते. २०१५ साली उघड झाले की फोक्सवॅगन कंपनीने लाखो डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर बसवले होते, की तपासणीच्या वेळी धूर नियमात राहावा आणि रस्त्यावर कितीतरी जास्त निघावा. पुण्याच्या एआरएआय संस्थेने चाचण्या केल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. तपासणाऱ्यासमोर एक आणि रस्त्यावर दुसरे! रविवारी मंदिरात मी कसा असतो आणि सोमवारी बाजारात कसा, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ते दिवे चालू आहेत हे त्यावरून कळते. एखादा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तो दिवाच गेला आहे असे समजावे. संत पौल तिमथ्याला लिहिताना डागणी दिल्यासारख्या बधिर झालेल्या विवेकबुद्धीविषयी बोलतो, ती हीच अवस्था. दावीद राजाचे असेच झाले होते. उरीयाची पत्नी घेतली, उरीयाला युद्धात मरू दिले आणि राज्यकारभार सुरळीत चालू ठेवला. दिवा लागतच नव्हता. मग देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवले. त्याने गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली आणि दावीदाचे डोळे उघडले. कधी आपली पत्नी, कधी आपले लेकरू, कधी एखादा शेजारी आपला नाथान असतो. त्याच्यावर रागावू नका.

म्हणून रोज रात्री किल्ली फिरवून पाहावी. संत इग्नेशियस लोयोला आपल्या सोबत्यांना दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायला सांगत. आपण निदान झोपण्यापूर्वी पाच मिनिटे बसू या. आज मी कोणाला दुखावले? कोणते काम उद्यावर ढकलले? माझ्यासाठी कोण थांबले होते? दिवा लागला तर देवाचे आभार माना, कारण तो शिक्षा म्हणून लागत नाही, वाट चुकण्याआधी लागतो. मग प्रायश्चित्त संस्काराला या. तिथे दोष सांगितल्यावर ओरडा मिळत नाही, क्षमा मिळते. मीही त्या घटनेनंतर दुसऱ्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकले.

गाडी आता दुरुस्त आहे. तरी घाट चढताना माझी नजर आधी त्या दिव्याकडे जाते आणि त्या आजीबाईंची आठवण येते. आपल्या सर्वांना देरी होण्याआधी जाग यावी, अशी प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, आमच्या अंतःकरणातील दिवा विझू देऊ नकोस. तो लागला की थांबण्याची नम्रता आम्हाला दे, आणि आमच्या आळसामुळे ज्यांना वाट पाहावी लागली त्यांना तुझी शांती दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू