दुसऱ्यांदा दार वाजवता येतं का?

माझ्या पेटीत एक पावतीपुस्तक पडून आहे. पन्नास पावत्यांचं. सत्तेचाळीस फाटलेल्या, तीन कोऱ्या. वर मंडळाचा शिक्का आणि 'आजारी बालक मदत निधी, २००९' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. दरवर्षी जयंतीच्या वर्गणीची पुस्तकं काढायला पेटी उघडली की हेच आधी हाताला लागतं.

दोस्तांनो, त्या निधीचा पैशाचा हिशेब आम्ही तेव्हाच दिला. पै न् पैचा. फळ्यावर लिहून. आज दुसरा हिशेब द्यायचा आहे, जो फळ्यावर लिहायची आमची छाती झाली नाही.

उत्तर नागपुरातली आमची वस्ती. आमच्याकडे सिकलसेल हा पुस्तकातला रोग नाही. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी गावांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि लेकरू हाडं फुटल्यासारखं ओरडतं. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, काहीही निमित्त पुरतं. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, की मूल हा रोग घेऊनच येईल. 'दोघंही' हे मी मुद्दाम सांगतो. वस्तीत दोष मात्र एकट्या आईच्याच पदरात पडतो.

२००९ साली एक नऊ वर्षांचा पोरगा असाच आडवा झाला. बाप मिस्तरीच्या हाताखाली, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोरगा मोठ्या दवाखान्यात. खाट फुकट, पण बाहेरची तपासणी, बाहेरचं औषध, येण्याजाण्याचा ऑटो, खाटेजवळ बसणाऱ्याचं खाणं, आणि आईची रोजची बुडालेली कमाई... हे काही फुकट नव्हतं. गरिबाचं आजारपण दवाखान्याच्या बिलात कमी आणि बिलाबाहेर जास्त असतं.

आम्ही पोरं पेटलो. पत्रक काढलं. पोराचा फोटो आणि शेजारी हात जोडलेली आई. हात तिनं आपणहून जोडले नव्हते. फोटो काढणारा म्हणाला, 'बाई, जरा हात जोडा.' तो फोटो काढणारा मी. खाली मोठ्या अक्षरात, 'सिकलसेलग्रस्त बालकाला जीवदान द्या.' आठ दिवसांत आठ हजार तीनशे सत्तर रुपये जमले. पोरगा बरा होऊन घरी आला. चौदा एप्रिलला उरलेल्या पैशांचं पाकीट स्टेजवर बोलावून आईच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. माझंही भाषण झालं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

पुढच्या वर्षी त्या पोराच्या मोठ्या बहिणीला स्थळ आलं. जमत आलं होतं. मग पाहुण्यांच्या हाती कुठून तरी आमचं पत्रक पडलं. 'या घरात सिकल आहे.' स्थळ मोडलं. पोरीची तपासणी केली असती तर तिच्यात काय आहे, काय नाही ते कळलं असतं, मुलाची केली असती तर त्याचंही कळलं असतं. तेवढं कोण थांबतं? छापील कागद होता ना पुरावा म्हणून. तोही आपल्याच मंडळाच्या शिक्क्याचा.

आणि जानेवारी २०११. नागपूरची थंडी. पोराला ताप भरला. सिकलच्या लेकराला ताप म्हणजे वाट पाहायची गोष्ट नव्हे, हे त्या आईला डॉक्टरानं सांगितलेलं होतं. तिला ठाऊक होतं. तिनं तीन दिवस लेकरू घरात ठेवलं. चौथ्या दिवशी शेजारणीनं आरडाओरडा केला तेव्हा आम्ही धावलो. उशीर झाला होता. दवाखान्यात पोचून सहा तासांत पोरगा गेला.

मी तिला विचारलं, आणि हा प्रश्न विचारायचा मला कोणता अधिकार होता देव जाणे, म्हणजे देव मी मानत नाही, पण विचारलं. 'बाई, आमाले एक आवाज का नाई दिला? आम्ही मेलो होतो का?'

ती म्हणाली, 'भाऊ, मागचेच उपकार फिटले नाई. पोरीचं स्थळ त्या कागदापाई गेलं. पुन्हा कोणत्या तोंडानं मांगू?'

तिचा अडाणीपणा, असं आमच्यातले काही म्हणाले. शिकलेली असती तर आली असती. मी त्या दिवशी गप्प बसलो. आज बोलतो. ती अडाणी नव्हती. तिनं आमची मदत नीट ओळखली होती. पहिल्या मदतीची किंमत तिनं तोंड दाखवून, हात जोडून, पोरीचं लग्न मोडून मोजली होती. दुसऱ्यांदा मोजायला तिच्याजवळ काही शिल्लक नव्हतं.

म्हणून माझा सवाल असा आहे. आजारी लेकराच्या घराला मदत करणं चांगलं, हे कोणीही सांगेल. पण मदत चांगली झाली की वाईट, हे ओळखायचं कशावरून? किती पैसे जमले यावरून? लेकरू वाचलं यावरून? मला एकच कसोटी दिसते. त्या घराला आपलं दार दुसऱ्यांदा वाजवता येतं का?

आपल्या समाजाला ही गोष्ट दुसऱ्या कोणी शिकवायला नको. गावगाड्यात येसकर संध्याकाळी दारोदार भाकर मागायचा. ती भाकर राबण्याचा मोबदला होती. बलुतं होतं. हक्काचीच होती. पण द्यायची रीत अशी, की घेणाऱ्याला ती हक्काची वाटूच नये. वरून टाकायची. लांबून टाकायची. हक्काची भीक करून दाखवण्याची कला या देशानं हजार वर्षं घोटली. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर आणि शिळंपाकं टाकून द्या म्हणून सांगितलं, ते काय फक्त पोटाच्या आरोग्यासाठी? हात पसरायची सवय हाडात मुरते, आणि मग माणूस स्वतःलाच अर्धा माणूस समजतो.

आता सांगा, आमचं ते पत्रक काय होतं? वरून टाकलेली भाकरच की. फरक एवढाच, की टाकणारे या खेपेला आपलेच.

'जीवदान द्या.' दान! दानात देणारा उंच असतो आणि घेणाऱ्याची ओंजळ खाली. वर्गणीचं तसं नसतं. जयंतीची वर्गणी बघा. कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे. मिरवणुकीत दोघंही एकाच निळ्या झेंड्याखाली चालतात. पन्नासवाला पाचशेवाल्याचे आभार मानत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, याच नागपुरात बाबासाहेबांनी प्रत्येकानं मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असं सांगितलं. विसावा हिस्सा म्हणजे कळवळा आला म्हणून दिलेला पैसा नव्हे. तो ठरलेला असतो. कोणाचा फोटो बघून द्यायचा नसतो. कळवळा आज येतो, उद्या येत नाही. गोऱ्यागोमट्या लेकराला येतो, काळ्याबेंद्र्याला येत नाही.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. एक भिक्खू पोटाच्या दुखण्यानं आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत. का? तर त्याचा कोणाला उपयोग नाही. बुद्ध आणि आनंद तिथं येतात. बुद्ध पाणी ओततो, आनंद त्याला धुतो, दोघं उचलून खाटेवर ठेवतात. मग बुद्ध संघाला बोलावून विचारतो, की तुमचे आईबाप इथं नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करील? बघा, बुद्धानं त्या भिक्खूच्या दुःखाचं प्रवचन केलं नाही. आधी धुतलं. जाब मागितला तो संघाला. आम्ही उलटं केलं. आजारी घराला स्टेजवर बोलावलं आणि संघाला टाळ्या वाजवायला लावल्या.

इथं तुमच्यातला एखादा तरुण उठेल. 'भाऊ, मुळात वर्गणीच कशाला? हे सरकारचं काम आहे. तुम्ही डबा फिरवता आणि सरकार सुटतं.' खरं आहे. घटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा भंग, असं सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच सांगितलं. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय दवाखान्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, ही योजना मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या आदेशानं लागू आहे. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेलला अपंगत्वात धरलं. २०२३ साली केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान काढलं, २०४७ ची मुदत घालून. कागद भरपूर आहे.

पण दुसरा तरुण म्हणेल, 'भाऊ, २०४७ पर्यंत लेकरू थांबेल का?' तेही खरं. रात्री दोन वाजता ऑटोचे पैसे कलम ४७ देत नाही.

दोघांचं खरं असेल तर करायचं काय? मी बाबासाहेबांकडे बघतो. त्यांची पाचातली चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. बापाचं काळीज फाटलं. १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा हेच बाबासाहेब बिलाच्या बाजूनं उभे राहिले आणि म्हणाले, की हा बोजा मुख्यतः सरकारनं उचलला पाहिजे. या दोन गोष्टींची जोड मी लावतो, इतिहासकार लावतील न लावतील. पण मला त्यातून वाट दिसते. दुःख घरातलं असतं. मागणी मात्र चव्हाट्यावर, बरोबरीच्या आवाजात करायची असते. आम्ही दुःख चव्हाट्यावर मांडलं आणि मागणी केलीच नाही.

तेव्हा वर्गणी काढा, पण सरकारच्या नावावर उधारी म्हणून लिहा. आज आमच्या वस्तीत असं चालतं. घरटी महिना वीस रुपये. आजारी घर असो नसो. वहीत दोन रकाने. पहिल्यात खर्च कशावर झाला. दुसऱ्यात, हा खर्च खरं तर कोणी करायला हवा होता. औषध दवाखान्यात नव्हतं म्हणून बाहेरून आणलं, तर ते दुसऱ्या रकान्यात. धर्मादाय खाट असून नाकारली, तेही दुसऱ्या रकान्यात. तीन महिन्यांनी तो रकाना घेऊन आम्ही निवेदन देतो. घराचं नाव नाही, फक्त नंबर. फोटो नाही. अर्ज नाही. लेकरू आजारी पडलं की वस्तीतल्या दोन बाया आपणहून त्या घरी जातात. घरानं मागायचं नाही, आपण जायचं.

आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे हजेरी. सिकलच्या रुग्णाला रक्त फुकट मिळायचा नियम आहे, पण रक्त कोणाच्या तरी दंडातूनच येतं. विकत रक्त देणारे १९९८ पासून कायद्यानं बंद झाले. म्हणजे आता तुमचा-माझाच दंड. रात्री खाटेजवळ बसायला कोणी हवं, म्हणजे आई चार तास झोपेल. ओपीडीच्या रांगेत पहाटे उभं राहायला, प्रमाणपत्राच्या कागदांसाठी चकरा मारायला, घरी राहिलेल्या धाकट्यांना जेवू घालायला माणूस हवा. शंभराची नोट देणारे ढीगभर मिळतात, रांगेत उभे राहणारे मिळत नाहीत. मला वाटतं याचं कारण सरळ आहे. नोट वरून टाकता येते. रांगेत शेजारीच उभं राहावं लागतं.

सगळं सुटलं, असं मी म्हणत नाही. मध्यंतरी आमच्यातल्याच एका पोरानं एका लेकराचा फोटो मोबाईलवर फिरवला. नळ्या लावलेला. आमच्या निधीत वर्षभरात जमत नाही तेवढं दोन दिवसांत जमलं. तो मला म्हणाला, 'भाऊ, तुमची इज्जत सांभाळू का लेकरू?' मी उत्तर देऊ शकलो नाही. लाखांच्या उपचाराला वीस रुपयांची वर्गणी पुरत नाही, हे मलाही कळतं. मी एवढंच म्हणालो, की फोटो टाकायच्या आधी आईला विचारलंस का, आणि 'नाही' म्हणायची सोय ठेवून विचारलंस का? लेकरू खाटेवर असताना मागितलेला होकार हा होकार असतो का? तो विचारात पडला. मीही अजून विचारातच आहे. तुम्हीही पडा.

ती आई आजही वस्तीत आहे. पोरीचं लग्न पुढं झालं, दोघांची रक्ततपासणी करून झालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वीस रुपये घेऊन येते. माझ्याशी बोलत नाही. 'जय भीम' सुद्धा शेजारच्याला घालते. पैसे मोजून ठेवते आणि पावतीसाठी हात पुढं करते. मी पावती फाडतो. ती नाव नीट लिहिलंय का ते बघते, घडी घालते, आणि जाते.