चुलीपाशीं उपासना

दळण, पाणी, भांडीं व सारवण यांतच जिचा दिवस सरतो, तिनें देवाची उपासना करावी तरी केव्हां? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनींच्या मनांत येतो. आणि मंदिरांत पोंचण्यास उशीर झाला म्हणजे त्या खालीं मान घालून मागें बसतात. आमचें उत्तर असें कीं, निराळी वेळ सांपडेपर्यंत थांबूं नये. हातांतलें कामच देवापुढें ठेवावें.

पॅरिस शहरीं एका मठांत लॉरेन्स नांवाचा बंधु होता. तो सन १६९१ त वारला. मठाच्या स्वयंपाकघराचें काम त्याच्याकडे होतें, व त्या कामाचा त्यास स्वभावतः मोठा कंटाळा असे. तथापि तें देवाच्या प्रीतीस्तव करीत गेल्यानें, गुडघे टेकले असतां देव जितका जवळ वाटे, तितकाच भांड्यांच्या खडखडाटांतही वाटूं लागला. काम बदललें नाहीं. तें कोणासाठीं करावयाचें, हें बदललें. आनंद तेथूनच उपजला.

परंतु बंधुजनहो, घरकाम ही उपासना आहे असें म्हणून तिचा सर्व भार स्त्रियांच्या माथीं टाकूं नये. आपल्या प्रभूनें कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पुनरुत्थानानंतर समुद्रकांठीं विस्तवावर मासळी ठेवून रात्रभर श्रमलेल्यांस न्याहारी दिली. जें त्यास हलकें वाटलें नाहीं, तें आम्हांस कां वाटावें?

उद्यां पहांटे पाण्यास निघतांना घरधनिणीनें प्रभूचें स्मरण करावें, आणि एक हंडा घरधन्यानें उचलावा. ती दोघांचीही प्रभातप्रार्थना होईल.