उत्तराचा ताळा

आमच्या शाळेत गणिताच्या बाई उत्तर बरोबर आलं तरी पूर्ण गुण देत नसत. शेजारच्या समासात ताळा करून दाखवावा लागे. बेरीज वरून खाली केली असेल तर ताळा खालून वर करायचा. भागाकार केला असेल तर भाजकाने उलट गुणायचं आणि बाकी मिळवायची. गेलेल्या वाटेनेच परत गेलं तर तीच चूक तशीच पुन्हा होते, म्हणून वाट बदलायची, असं बाई सांगत. आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते. या विषयात आपण जी उत्तरं छातीठोकपणे फळ्यावर लिहितो, त्यातल्या किती उत्तरांचा ताळा झाला आहे, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

एक कसलेला प्रोग्रॅमर दहा साध्या प्रोग्रॅमरांना भारी असतो, हे वाक्य हिंजवडीतल्या कोणत्याही कँटीनमध्ये ऐकायला मिळतं. त्याचा माग काढत गेलं की एक ठळक खूण 1968 सालची सापडते. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या अमेरिकन संशोधकांनी 12 अनुभवी प्रोग्रॅमर घेऊन एक प्रयोग केला होता. त्यांचा मूळ प्रश्न अगदी वेगळा होता: संगणकासमोर बसून थेट काम केलेलं बरं, की प्रोग्रॅम देऊन निकालाची वाट पाहिलेली बरी? तक्ते मांडताना त्यांना दिसलं, की एकाच कामातल्या चुका काढायला कोणाला 170 तास लागले, तर कोणाला फक्त 6. भागाकार 28 आला. मूळ प्रश्न मागे पडला आणि हा आकडा पुस्तकापुस्तकातून फिरू लागला.

पण त्या दोन टोकांच्या माणसांची परिस्थिती सारखी नव्हती. काही जण थेट संगणकावर काम करत होते, काहींना निकालासाठी थांबावं लागत होतं. काहींनी उच्चस्तरीय भाषा वापरली होती, तर काहींनी यंत्रभाषा. माणसामाणसातला म्हणून सांगितलेल्या फरकात साधनांचा फरकही मिसळला होता. 1981 मध्ये डिकी या संशोधकाने हे दाखवून दिलं आणि ते मिसळणं टाळलं की फरक साधारण पाचपटीवर येतो, हेही मांडलं. 1999 मध्ये लुट्झ प्रेशेल्ट या जर्मन संशोधकाने इतर कितीतरी प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून, 28 हा आकडा चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे, असं स्वच्छ लिहिलं. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे, की पहिल्या ताळ्यासाठी नवा प्रयोग करायचीही गरज नव्हती. जुनीच आकडेवारी नीट पाहायची होती. तरी त्याला 13 वर्षं लागली, आणि ताळा झाल्यावरही लोकांच्या तोंडी 28 आणि 10 हेच आकडे राहिले.

इतर शास्त्रांत प्रयोग पुन्हा करून पाहणं ही जुनी रीत आहे. सॉफ्टवेअरच्या अभ्यासात ती रुजायला वेळ लागला, कारण इथे प्रयोगाचं मुख्य उपकरण माणूस आहे, आणि दोन ठिकाणची माणसं कधीच सारखी नसतात. अमेरिकेत व्हिक्टर बॅसिली यांच्या गटाने 'नासा'च्या गोडार्ड केंद्राबरोबर 1976 पासून प्रत्यक्ष प्रकल्पांची मोजदाद सुरू केली. कोड नुसता वाचून जास्त चुका सापडतात की चाचण्या घेऊन, असे त्यांचे प्रश्न असत. पुढे माद्रिदमध्ये नतालिया हुरिस्तो यांच्या गटाने चाचणीतंत्रांवरचे प्रयोग पुन्हापुन्हा केले. निकाल प्रत्येक वेळी जुळत नसत. सुरुवातीला याकडे अपयश म्हणून पाहिलं गेलं: प्रयोग हुबेहूब जमला नाही, म्हणून निकाल वेगळा आला. 1999 मध्ये बॅसिली, शुल आणि लानुबिले यांनी या पाहण्याची दिशाच बदलली. एकटादुकटा प्रयोग फार काही सांगू शकत नाही, प्रयोगांचं कुटुंब हवं, असं त्यांनी मांडलं. थोडेथोडे बदल करत तोच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारायचा, आणि निकाल कुठे जुळतो, कुठे फाटतो, यावरून त्या निष्कर्षाची हद्द ठरवायची. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार आहे. तोवर पुन्हा केलेला प्रयोग म्हणजे पहिल्यावर घेतलेला संशय, असंच वाटत होतं. इथून तो पहिल्याचंच पुढचं पाऊल झाला.

ताळा किती बारकाईने करावा लागतो, हे एका अलीकडच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं. 2014 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी गिटहबवरचे 729 प्रकल्प आणि 17 भाषा घेऊन, कोणत्या भाषेतल्या कोडमध्ये दोष जास्त आढळतात, ते तपासलं. 11 भाषांच्या बाबतीत त्यांना दोषांशी संबंध दिसला. तो फार मोठा नाही, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं, पण उद्धृत करणाऱ्यांनी ती नोंद गाळली आणि भाषांच्या भांडणात हा शोधनिबंध शस्त्रासारखा वापरला. 2019 मध्ये एमरी बर्गर, यान व्हिटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा ताळा केला. त्यासाठी मूळ संशोधकांनीच आपला डेटा आणि कोड दिला होता, हे मुद्दाम सांगायला हवं.

डेटा उघडल्यावर काय दिसलं? ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'टीएस' असेल ती टाइपस्क्रिप्ट या भाषेतली, असा हिशोब होता. त्यामुळे बिटकॉइन, लाइटकॉइन आणि क्यूबिटटॉरंट हे प्रकल्प टाइपस्क्रिप्टच्या खात्यात पडले. प्रत्यक्षात त्या फाइलींमध्ये कोड नव्हताच. पडद्यावरच्या बटणांची आणि सूचनांची निरनिराळ्या मानवी भाषांतली भाषांतरं होती, कारण त्या प्रकल्पांनी वापरलेल्या साधनातही भाषांतराच्या फाइलींना तोच प्रत्यय लागतो. टाइपस्क्रिप्ट जाहीर झाली ऑक्टोबर 2012 मध्ये, आणि काही नोंदी तर त्याच्याही आधीच्या होत्या. दुसरीकडे सी-प्लस-प्लसच्या कितीतरी फाइली केवळ प्रत्यय निराळा म्हणून मोजणीतून सुटल्या होत्या. अशी सगळी दुरुस्ती केल्यावर 11 पैकी चारच भाषांचा संबंध टिकला, आणि तोही अगदी नगण्य. मूळ संशोधकांनी त्यावर लेखी प्रतिवाद केला. वाद मिटला नाही, तरी आता तो कोणत्या फाइलीवर आणि कोणत्या मोजणीवर आहे, हे कोणालाही तपासता येतं.

आता 'काहीच निघालं नाही' या निकालाकडे येते. आपल्याकडे बोअर मारली आणि पाणी लागलं नाही, तर ते गावभर होतं. कोणाच्या वावरात किती फुटांवर कोरडं लागलं, हे शेजाऱ्याला माहीत असतं, आणि त्यामुळे त्याचे पैसे वाचतात. संशोधनात कोरडी बोअर बुजवून टाकायची पद्धत आहे. रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये तिला खणातल्या कागदांची समस्या म्हटलं: फरक दिसलेले अभ्यास छापून येतात, न दिसलेले टेबलाच्या खणात जातात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की फरक नेहमीच दिसतो. प्रेशेल्ट यांनी 1997 मध्ये संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकात नकारार्थी निष्कर्षांसाठी स्वतंत्र जागा हवी, अशी बाजू मांडली होती. दोन वर्षांनी 28 च्या आकड्याचा पिच्छा पुरवणारे तेच, यात मला नवल वाटत नाही.

असे निकाल किमती असतात, याचं माझं आवडतं उदाहरण 1986 चं आहे. विमान किंवा अणुभट्टीसाठी सॉफ्टवेअर लिहिताना अनेक गटांकडून तोच प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहून घ्यायचा आणि बहुमताने उत्तर ठरवायचं, अशी एक पद्धत होती. सगळे एकाच वेळी चुकण्याची शक्यता अगदी नगण्य, असं त्यामागचं गृहीतक होतं. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांत विद्यार्थ्यांकडून 27 आवृत्त्या लिहून घेतल्या आणि प्रत्येकीवर 10 लाख चाचण्या चालवल्या. सुटे पाहिले तर प्रोग्रॅम चांगले उतरले होते. पण एकमेकांना न भेटलेली माणसं त्याच अवघड जागी एकत्र अडखळली. स्वतंत्रपणाचं गृहीतक टिकलं नाही. त्यांच्यावर टीकाही बरीच झाली आणि 1990 मध्ये त्यांना तिचं सविस्तर उत्तर द्यावं लागलं. हा निकाल खणात गेला असता, तर सुरक्षिततेचा तो हिशोब तसाच पुढे चालू राहिला असता.

काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी एक प्रसिद्ध झालेला प्रयोग पुन्हा केला होता. आधी चाचणी लिहून मग कोड लिहिला, तर गुणवत्ता वाढते का? सहा महिने तिने वर्गमैत्रिणींना बसवून मोजमाप घेतलं. फरक दिसला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही मिटली आणि विचारलं, "मग यात नवीन काय आहे?" तिच्याकडे उत्तर होतं, पण तिला ते देता आलं नाही, आणि तिच्या वतीने मीही ते दिलं नाही. याच प्रश्नावर फिनलंड, इटली आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी 2016 मध्ये एक पुनःप्रयोग प्रसिद्ध केला होता. कोणता गट कोणता, हे विश्लेषकाला कळू न देता त्यांनी आकडे तपासले, आणि त्यांनाही ठोस फरक आढळला नव्हता. हे मला त्या दिवशी माहीत असतं, तर मी तिथेच उभी राहून बोलले असते.

परिस्थिती हळूहळू बदलते आहे. 2010 मध्ये केपटाउनला पुनःप्रयोगांवरची पहिली खास कार्यशाळा झाली. 2011 पासून काही परिषदांनी निबंधाबरोबर कोड आणि डेटाही तपासायला घेतला. एका परिषदेत पुनःप्रयोग आणि नकारार्थी निष्कर्ष यांचा वेगळा विभागच आहे. 2020 पासून आणखी एक सोय आली: प्रयोगाचा आराखडा आधी तपासून मान्य करायचा आणि निकाल काहीही आला तरी तो छापायचा. माझ्या विद्यार्थिनीला हीच सोय हवी होती.

दर वर्षी मी फळ्यावर एक वक्ररेषा काढते. चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती दुरुस्त करायला महाग पडते, शेवटी शंभरपट. ही रेषा बॅरी बोएम यांच्या 1981 च्या पुस्तकाने घराघरात नेली. लहान प्रकल्पांत ती चौपटीच्या आसपासच राहते, हेही त्यांनी तिथेच लिहिलं होतं, पण फळ्यावर ते कधी उतरलं नाही. 2016 मध्ये टिम मेंझिस आणि सहकाऱ्यांनी 2006 ते 2014 मधले 171 प्रकल्प तपासले. त्यांत ही वाढ आढळली नाही. आता मी रेषेच्या एका टोकाला 1981 आणि 'मोठे प्रकल्प' असं लिहिते, आणि बाजूला 2016, 171, 'आढळली नाही' असंही लिहिते. यंदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, परीक्षेत कोणतं लिहायचं?" मी म्हटलं, "रेषा काढ, आणि समासात ताळा कर."