गायकी

पुण्याच्या माणसासमोर 'आमच्या घरात गायकी होती' असं मी म्हटलं, की तो विचारतो, "किराणा की ग्वाल्हेर?" आता याला कसं सांगायचं, की आमच्या वऱ्हाडात गायकी म्हणजे गावची गुरं चारणारा माणूस! सकाळी आखरावर ढोरं जमवायची, रानात न्यायची, दिवेलागणीला परत आणायची. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात माझे आबाजी हेच करीत.

गंमत म्हणजे स्वीडन-नॉर्वेत ही गायकी खरोखरच गायकी आहे. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत गुरं नेणाऱ्या तिथल्या बायका उंच पट्टीत सूर लावून गाई बोलावीत. स्वीडिश लोक त्याला 'कुलनिंग' म्हणतात. आबाजींची तान एकच : "याऽऽ चंद्रेऽऽ!" तेवढ्यावर चंद्री नाल्यापलीकडून मान हलवीत यायची. त्या हाकेचा अर्थ तिच्या लेखी ठरलेला होता : घर, पाणी आणि मूठभर ढेप.

पावसानं दगा दिला त्या साली आबाजींनी चंद्री विकली. दोघातिघांनी दोर ओढला, पण ती टेम्पोत चढेना. शेवटी आबाजी स्वतः टेम्पोत उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली. चंद्री आपण होऊन चढली.

मी तेव्हा चौथीत. विचारलं, "आबाजी, तुम्ही तिले फसवलं?"

"खोटं नाही बोललो बापा. ये म्हनलं, थे आली."

पण त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी कुठल्याही जनावराला हाक मारली नाही. एखादं मागं राहिलं, तर काठी टेकत त्याच्यापर्यंत चालत जात.

बी.कॉम.ला मी कराराचा कायदा शिकलो. गाईशी करार होत नाही, आणि आबाजींच्या शब्दांत खोटंही नव्हतं. मग मोडलं काय? मला वाटतं, चंद्रीनं त्यांच्या आवाजाच्या खात्यात वर्षानुवर्षं ठेवलेली ठेव त्यांनी एका हाकेत काढून घेतली.

हे सुचायचं कारण, मी अकोल्याला बँकेत आहे. "या काका, बसा," असं मी जूनमध्ये पीककर्ज देताना म्हणतो, आणि मार्चमध्ये वसुलीच्या वेळीही, त्याच गोड पट्टीत. मागल्या मार्चला अशाच हाकेवर एक काका हसत आले. "मॅडमसाठी चिंचा आणल्या," म्हणाले. माझ्या हातात त्यांची नोटीस होती.

तेव्हापासून नोटीस द्यायची असली, की मी हाक मारत नाही. उठून बाकापर्यंत जातो, शेजारी बसतो आणि आधी नोटिशीचंच सांगतो.

साहेबांनी दोनदा समज दिली आहे : जागा सोडून फार हिंडता.