पहांटेचा वांटा

पनवेलजवळचें कर्नाळ्याचें रान १९६८ मध्यें पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आलें. त्याचें क्षेत्र अवघें बारा चौरस किलोमीटर, आणि तेंही मुंबई-गोवा महामार्गानें चिरलेलें. नवी मुंबईकरांना सहलीला हेंच रान जवळ. राखी रानकोंबडा व चकोत्री हे तित्तिर-मोरांच्या कुळांतले पक्षी तेथें पाचोळा उकरीत फिरतात.

अशा लाजाळू पक्ष्यांचा दिनक्रम आतां कॅमेरा ट्रॅपमुळें कळूं लागला आहे. झाडाच्या बुंध्याला बांधलेली ही पेटी, समोरून उष्ण देह गेला कीं चित्र टिपते व वेळ नोंदविते. हिमालयांत व चीनमध्यें या रीतीनें रानकोंबड्याच्या भाऊबंदांचा अभ्यास झाला आहे. एकाच पाचोळ्यावर पोसणाऱ्या दोन जाती कधीं वेळ वांटून घेतात, कधीं जागा. यालाच आपण सहजीवन म्हणतों. पण यांत सौजन्य कितपत? एकमेकांना टाळणें म्हणजे एकमेकांना मानणें नव्हे. चाळीच्या नळावर पाळी लावणाऱ्या बिऱ्हाडांत तरी दुसरें काय असतें! तथापि या टाळण्याला हिणविण्याचें धाडस मला होत नाहीं. दुसऱ्याला जागा उरली असतां हेतूची शुद्धता तपासीत बसणें ही पोट भरलेल्याची चैन होय.

खरा पेंच माणूस मध्यें शिरला म्हणजे पडतो. बासष्ट जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीं २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसलें कीं, माणसाचा वावर वाढला म्हणजे प्राणी रात्रीकडे सरकतात. दिवस आम्हीं घेतला, रात्र त्यांनीं पत्करली. रानकोंबड्याला ही वाट बंद आहे. त्याचा डोळा उजेडाचा. अंधार पडला कीं तो झाडावर चढून बसतो. चरण्याचा त्याचा भर सकाळीं आणि सांजवेळीं. सोडून देण्यासारखा वेळच त्याच्यापाशीं नाहीं. तेव्हां वांटणी व्हावयाची तर आपला वांटा आम्हींच सोडला पाहिजे.

आणि आम्हांला नेमकी सकाळच हवी असते! गेल्या हिवाळ्यांत रानकोंबड्याचें आरवणें ऐकवावें म्हणून मीं मुलांना सकाळीं लवकर तेथें नेलें. दूर एकदां आरवणें ऐकूं आलें. आम्ही त्या दिशेनें गेलों, आणि तें थांबलें. धाकटीनें विचारलें, "बाबा, आपण आलों म्हणून का तो गप्प बसला?" तसें नव्हे, असें मीं म्हटलें खरें, पण ती त्याच्या पोटापाण्याची वेळ होती, आणि आमची नुसती सहल. यंदा मुलें पुन्हां विचारूं लागलीं आहेत. दुपारीं जाऊं, असें मीं सांगितलें आहे. दुपारीं आरवणें ऐकूं येण्याचा संभव थोडा, हें मात्र अजून सांगितलेलें नाहीं.