लाठी आणि न्यायासन

कर्तव्य बजावताना देह ठेवणाऱ्या पुरुषाचे गुणगान केले की त्याच्या ऋणातून आपण मुक्त झालो, असे समाजाला वाटते. परंतु त्या मरणाने नेमके काय साधले, याचा विचार केल्यावाचून केलेले स्मरण हा केवळ उपचार होय. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, आधी लष्करात नोकरी करून मग मुंबई पोलीस दलात दाखल झालेले तुकाराम ओंबळे यांच्याविषयी हे विशेषच खरे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर, हाती केवळ लाठी असलेल्या या सहायक फौजदाराने मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांपैकी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या आणि सहकाऱ्यांनी त्या आरोपीवर झडप घालीपर्यंत पकड सोडली नाही.

सैनिकाचे कर्तव्य शत्रूचा पाडाव केल्याने पुरे होते. पोलिसाचे मात्र आरोपीला जिवंत न्यायासनापुढे उभे केल्यावाचून पुरे होत नाही. ओंबळे यांनी प्राण वेचून जे साधले ते हेच होते, आणि म्हणूनच पंचनामे, साक्षी-जबान्या, आरोपीला सरकारी खर्चाने मिळालेला वकील, २०१० मधील विशेष न्यायालयाचा निकाल, उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील त्याची छाननी आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात झालेली शिक्षेची अंमलबजावणी, ही सारी परंपरा शक्य झाली. सूडासाठी अधीर झालेल्या लोकमताला हा चार वर्षांचा विलंब असह्य वाटला खरा; पण कटाची पाळेमुळे समुद्रापलीकडे कोठवर पोचली आहेत, हे मृत हल्लेखोराच्या मुखातून कधीच वदविता आले नसते.

तरीही या गौरवात एक धोका आहे. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले ते उचितच झाले. परंतु स्वयंचलित बंदुकीपुढे लाठी देऊन माणूस उभा करणाऱ्या सरकारी व्यवस्थेची जबाबदारी त्या सन्मानाने फिटत नाही. व्यक्तीचे असामान्य धैर्य हे संस्थेच्या सामान्य सिद्धतेला पर्याय म्हणून वापरले जाऊ लागले, की वीरपूजा ही हयगयीवर घातलेली झूल बनते. ज्या शिपायाला पुरेसे शस्त्र, संरक्षक कवच व शिक्षण देऊन बंदोबस्तावर धाडले जाते, आणि ज्याने पकडलेल्या आरोपीचा न्याय कायद्यानेच होतो, त्याच्या सुरक्षिततेतच या हुतात्म्याचे खरे स्मरण आहे.