माळावरची खदान



सज्जनहो, गंगाखेडच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही कीर्तनसेवेस गेलो होतो. आरती झाली, बुक्का लागला, तरी मंडळी उठेनात. एक म्हातारे माळकरी पुढे सरकले, म्हणाले, "महाराज, आमच्या माळावर खडीची खदान होऊ घातलीय. हिरीचं पाणी जाईल म्हणून गाव नको म्हणायलंय. तुमी काय म्हणता?" आम्ही "पांडुरंगाची इच्छा" असे काहीसे पुटपुटून गाडीत बसलो. वाटेभर त्या उत्तराची लाज वाटली.

आता सरळ बोलू. खडी कुणास नको आहे? आळंदी-पंढरी पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाले. रुंद वाटेने दिंडी सुखाने चालते, पण त्या वाटेखालची खडी कोठल्या तरी गावच्या डोंगरातूनच आली ना? दगडाला हातच लावू नका, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. विटेवरचा देवही पाषाणाचाच. पण कोणता दगड, कुणाला विचारून, आणि कुणाच्या पाण्याच्या मोलाने, हे विचारणे तर आपल्या हाती आहे!

आणि त्या म्हाताऱ्यांचे भय अडाणीपणाचे नव्हे. मराठवाड्याचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात पाणी मुरते ते वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांत. खदान विहिरीच्या तळाहून खोल गेली, की भेगांतले पाणी खड्ड्याकडे वळू शकते. तेथून पंपाने उपसले, की विहीर कोरडी.

जनाबाईंच्या गंगाखेडला पाणी देणारी गोदामाई जेथे उगवते, जेथे गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांस अनुग्रह दिला, त्या ब्रह्मगिरीच्या कुशीतही उत्खनन झाले, आणि 2021 साली तेथील लोक विरोधास उभे राहिले. तिकडे व्रजभूमीत आदिबद्री आणि कनकाचल हे डोंगर खाणींतून सोडवण्यासाठी साधू दीड वर्ष धरणे धरून बसले. 20 जुलै 2022 रोजी विजयदास बाबांनी आत्मदहन केले. 23 जुलैला ते गेले. त्यांच्यापुढे मस्तक नमते. पण ही वारकऱ्याची रीत नव्हे. नरदेह टाकायला मिळालेला नाही. तो राखूनच भांडायचे.

भांडायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितले, की 5 हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. म्हणून गावाने आधी ती मंजुरी पाहायला मागावी. नकाशात आपल्या विहिरी, ओढा, शाळा दाखवली आहे का, हे बोट ठेवून पाहावे. ग्रामसभेत ठराव लिहून घ्यावा. (एकादशीला शंभर टाळ वाजतात, ग्रामसभेला दहा माणसे बसत नाहीत, हे आम्ही गावोगाव पाहतो.) आणि एक ध्यानात असू द्या, खदानीत मजुरी मिळेल म्हणून हो म्हणणाराही गळ्यात माळ घालणाराच असतो. दोन एकर कोरडवाहूवर त्याचे भागत नाही. त्याला गावद्रोही म्हणाल, तर पाणी राहील पण गाव फुटेल. त्याच्या हाताला काय काम देता, हेही त्याच सभेत बोला.

येत्या वद्य एकादशीस त्याच गावी आमची सेवा ठरली आहे. त्या म्हाताऱ्या माळकऱ्यांना निरोप धाडला आहे: या खेपेला दिवसाउजेडी येतो, आधी माळावर न्या, मग विहिरीवर, आणि मग देवळात.